तो काळ्या टोपीतला घोडेस्वार नक्की कुठल्या मालिकेतला?

एक ओसाड गाव. लाकडी फळ्यांची दुकाने, दारापुढे बांधलेले घोडे, वाऱ्याने उडणारी धूळ. काळ्या टोपीतला एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा आहे. समोरून दुसरा येतो. दोघांचेही हात कमरेच्या पिस्तुलाजवळ. पुढे काय झाले ते आठवत नाही. मालिकेचे नाव आठवत नाही, नटाचे तर नाहीच. पण दृश्य असे लख्ख, की कालच पाहिले असावे.

पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या डोक्यात असे एखादे दृश्य घर करून बसलेले असते. पनवेल स्थानकाच्या पूर्वेला, नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सुकापूरसारख्या ठिकाणी तर याची गंमत आणखी वाढते. इथल्या सोसायट्यांमध्ये मुंबईच्या चाळीतून आलेले आहेत, कोकणातले आहेत, घाटावरचे आहेत आणि मूळचे पनवेलकरही आहेत. प्रत्येकाचे बालपण वेगळ्या गावात गेलेले आणि प्रत्येकाच्या घरी टीव्ही वेगळ्या वर्षी आलेला. अशा मंडळींत ‘लहानपणी टीव्हीवर ते काऊबॉयवाले काहीतरी लागायचे’ असा विषय काढून पाहा. एकाच्या घोडेस्वाराला मुखवटा असेल, दुसऱ्याच्या फक्त टोपी. कोणी घोडा पांढरा म्हणेल, कोणी काळा. आणि स्वतःचेच बरोबर, याबद्दल कोणालाही शंका नसेल.

हा वाद विरंगुळ्याचा आहे. मात्र त्यामागे मेंदूची जी कार्यपद्धती आहे, तीच आपण डॉक्टरांना आजाराचा इतिहास सांगताना, न्यायालयात साक्ष देताना आणि घरातले जुने हिशेब मांडताना वापरत असतो. म्हणून या घोडेस्वाराचा माग थोडा शास्त्रीय पद्धतीने काढू.

नोंदच अर्धवट झाली होती

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी पुण्यातही त्याचे कार्यक्रम दिसू लागले. टीव्ही असलेली घरे मोजकी होती, त्यामुळे शेजाऱ्यांच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसून किंवा दारातून माना उंचावून कार्यक्रम पाहिले जात. गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने फिरला की पडद्यावर मुंग्या दिसू लागत. अधूनमधून ‘रुकावट के लिए खेद है’ अशी पाटी झळके. त्यात कार्यक्रम इंग्रजी असेल, तर मराठी शाळेतल्या मुलांना संवाद कळत नसत आणि सुरुवातीची नामावली वाचून होण्याआधीच निघून जात असे.

स्मरणाचे तीन टप्पे मानले जातात. आधी माहितीची नोंद होते, मग ती साठवली जाते आणि गरज पडेल तेव्हा बाहेर काढली जाते. आपण सगळा दोष तिसऱ्या टप्प्याला देतो. ‘नाव अगदी जिभेवर आहे, पण येत नाही’ असे म्हणतो. काही वेळा ते खरेही असते. हार्वर्ड विद्यापीठातील रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ साली या ‘जिभेवर अडकलेल्या’ शब्दांचा अभ्यास केला. तेव्हा पूर्ण शब्द आठवत नसतानाही लोकांना त्याचे पहिले अक्षर निम्म्याहून अधिक वेळा बरोबर सांगता आले. याचा अर्थ शब्द डोक्यात होता, फक्त वाट सापडत नव्हती.

लहानपणच्या परदेशी मालिकेची गोष्ट मात्र निराळी आहे. सात वर्षांच्या मुलाने न वाचलेले, न समजलेले इंग्रजी नाव मेंदूत मुळात नोंदलेच गेलेले नसते. घोडा, धूळ, बंदुकीचा आवाज, खलनायक समोर आल्यावर पोटात आलेला गोळा यांची नोंद पक्की होते. जे आत गेलेच नाही ते कितीही ताण दिला तरी बाहेर येणार नाही. तेव्हा नाव आठवत नाही म्हणून स्वतःच्या स्मरणशक्तीवर रागावण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण या मालिकांच्या संख्येची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत संध्याकाळच्या मुख्य वेळेत एका हंगामात पंचविसाहून अधिक काऊबॉय मालिका सुरू होत्या. सगळ्यांत तेच गाव, तोच शेरीफ, तेच घोडे. मेंदू एखाद्या खुणेच्या आधारे आठवण शोधतो. पण एकाच खुणेला डझनभर आठवणी चिकटल्या असतील, तर ती खूण निकामी होते. दहा घरांना एकच किल्ली लागत असेल तर तिच्यावरून आपले घर कोणते हे कसे ठरवणार?

मेंदू रिकाम्या जागा भरतो

आठवण ही कपाटात ठेवलेली चित्रफीत नव्हे, हे मानसशास्त्राला शंभर वर्षांपासून जाणवत आले आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी तेथील लोकांना उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची एक भूतकथा वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगायला लावली. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात याचे निष्कर्ष आहेत. वाचकांनी गोष्ट नकळत आपल्या ओळखीच्या जगात आणून बसवली होती. त्यांच्या सांगण्यात मूळ कथेतील कनू साधी होडी झाली आणि सीलची शिकार मासेमारी झाली. जे अनोळखी होते ते गळले किंवा बदलले, आणि अर्थ लागावा म्हणून नवे तपशील आले.

आपल्याकडच्या मुलाने पाहिलेल्या काऊबॉयचेही असेच होते. त्या मुलाच्या डोक्यात आणखीही घोडेस्वार होते. १९६४ पासून निघणाऱ्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ मुखवटा घालून पांढऱ्या घोड्यावर बसे. अमेरिकी मालिकेतला लोन रेंजरही मुखवटा घालून पांढऱ्या घोड्यावर बसे. १९७४ च्या ‘खोटे सिक्के’मध्ये फिरोज खान घोड्यावरून आला. १९७५ च्या ‘शोले’त खडकाळ टेकड्या, डाकू आणि रेल्वेवरचा हल्ला असा सगळा काऊबॉयपटाचा थाट होता. ‘मॅकेनाज गोल्ड’ हा १९६९ चा हॉलिवूडपट आपल्याकडे इतका गाजला, की त्यातली सोन्याची दरी चित्रपट न पाहिलेल्यांनाही ऐकून ठाऊक होती. पुढे १९९० च्या दशकात केबल आले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या कार्टून नेटवर्कवर दिवसा कार्टून आणि नंतर त्याच वाहिनीवर जुने हॉलिवूडपट दिसू लागले.

चाळीस वर्षांनंतर यातले कोणते दृश्य कुठून आले, हे सांगणे अवघड होऊन बसते. मेंदू चित्र जपतो, पण ‘हे कुठे पाहिले’ ही चिठ्ठी त्यावर घट्ट चिकटलेली नसते. ती गळून पडते किंवा भलत्याच चित्राला चिकटते. शास्त्रज्ञ याला स्रोताची गल्लत म्हणतात. वेताळाचा मुखवटा, एखाद्या मालिकेतला घोडा आणि ‘शोले’तले खडक मिळून एक नवाच कार्यक्रम तयार होतो, जो कोणत्याही केंद्रावरून कधीच प्रसारित झालेला नसतो.

गल्लत किती सहज होते हे ‘शोले’च्याच एका संवादावरून तपासता येईल. किती माणसे होती, हा गब्बरचा प्रश्न कोणाला उद्देशून होता? बहुतेक लोक क्षणात ‘सांभाला’ असे उत्तर देतात. चित्रपटात तो प्रश्न हात हलवत परतलेल्या कालिया आणि त्याच्या साथीदारांना विचारलेला आहे. सांभाला गब्बर विचारतो ते सरकारने लावलेल्या इनामाबद्दल. नकला, विनोद आणि जाहिरातींतून दोन वाक्ये एकमेकांत मिसळली आणि लाखोंच्या आठवणीत एकच चुकीचे वाक्य तयार झाले. ज्यांनी चित्रपट दहा वेळा पाहिला, तेही यातून सुटलेले नाहीत.

न पाहिलेलेही ‘पाहिले’ जाते

टीव्हीच्या बाबतीत याहून धक्कादायक पुरावा नेदरलँड्समधला आहे. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी ॲमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान रहिवासी इमारतींवर कोसळले. विमान आदळतानाच्या क्षणाचे चित्रीकरण कोणाकडेच नव्हते. टीव्हीवर दिसली ती नंतरची आग आणि मदतकार्य. सुमारे दहा महिन्यांनी संशोधकांनी लोकांना विचारले, ‘विमान इमारतीवर आदळतानाचे दृश्य तुम्ही टीव्हीवर पाहिले का?’ ५५ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. त्यांचे वर्णन वाचलेले आणि चर्चेत ऐकलेले होते. मेंदूने त्यावरून चित्र उभे केले आणि टीव्हीची चिठ्ठी लावून टाकली.

या गुंत्यात प्रश्न विचारणाऱ्याचाही हात असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ च्या प्रयोगात लोकांना मोटारींच्या धडकेची फीत दाखवली. काहींना ‘गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता’ असे विचारले, तर काहींना त्याहून तीव्र क्रियापद वापरून, चक्काचूर झाल्यासारखे. आठवड्याने ‘फुटलेल्या काचा दिसल्या का’ असे विचारल्यावर पहिल्या गटातील १४ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३२ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. फितीत काचा फुटलेल्याच नव्हत्या.

आठवण पुन्हा पुन्हा काढल्याने ती घट्ट होते, हा समजही तपासून घ्यायला हवा. करीम नादर आणि सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की साठवलेली भीतीची आठवण पुन्हा जागी झाल्यावर काही काळ पुन्हा अस्थिर होते आणि तिला नव्याने पक्के व्हावे लागते. माणसाच्या रोजच्या आठवणींना हे कितपत लागू पडते यावर अजून अभ्यास सुरू आहे. तरी जी गोष्ट आपण सर्वांत जास्त वेळा सांगितली, तीत सांगण्याच्या ओघात भर पडत गेली असण्याची शक्यता असतेच. ‘मला अगदी स्पष्ट आठवते’ या वाक्यातला स्पष्टपणा खरा असतो, पण तो घटनेच्या खरेपणाचा दाखला होऊ शकत नाही.

माग काढायची रीत

मग शोध सोडून द्यायचा का? अजिबात नाही. साक्षीदारांकडून अधिक आणि नेमकी माहिती मिळावी म्हणून एडवर्ड गायझलमन आणि रोनाल्ड फिशर यांनी १९८० च्या दशकात मुलाखतीचे एक तंत्र विकसित केले. जुन्या मालिकेसाठीही ते उपयोगी पडते.

• आधी लिहा, मग शोधा. इंटरनेटवर काही पाहण्यापूर्वी जे आठवते ते सगळे कागदावर उतरवा, क्षुल्लक वाटले तरी. एकदा चार छायाचित्रे पाहिली, की ती तुमच्या आठवणीत मिसळलीच म्हणून समजा.

• दृश्यापेक्षा प्रसंग आठवा. टीव्ही कोणाच्या घरी होता? तुम्ही कितवीत होता? दिवे गेले होते का, बाहेर पाऊस होता का, शेजारी कोण बसले होते? त्या खोलीत मनाने पुन्हा जाऊन बसले की अडकलेल्या खुणा सुटतात. शिवाय वर्षही ठरते.

• खात्रीचे आणि अंदाजाचे वेगळे करा. ‘घोडा होता’ खात्रीचे. ‘घोडा पांढरा होता’ अंदाजाचे. रंगांवर फार विसंबू नका. आपल्याकडे रंगीत प्रसारण १९८२ मध्ये आले आणि त्यानंतरही अनेक घरांत कृष्णधवल संचच होते. काहींनी तर पडद्यावर रंगीत प्लॅस्टिकची काच बसवलेली असे. त्यामुळे मूळ मालिका रंगीत असूनही आठवण काळीपांढरी असू शकते आणि उलटही.

• भावंडांना वेगवेगळे विचारा. २००३ मध्ये फिओना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी जोडीतल्या दोघांना एकाच घटनेची वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली फीत दाखवली आणि मग चर्चा करू दिली. ७१ टक्के सहभागींनी स्वतः न पाहिलेली, फक्त जोडीदाराकडून ऐकलेली गोष्ट आपल्या साक्षीत घातली. ‘त्याला मुखवटा होता ना रे दादा?’ असे विचारले की दादालाही मुखवटा दिसू लागतो. त्याऐवजी ‘तो कसा दिसायचा?’ एवढेच विचारा.

• वेगळेपणाची खूण धरा. घोडे आणि बंदुका सगळ्यांतच असतात. मुखवटा, पांढरा घोडा आणि मूलनिवासी साथीदार असेल तर ‘द लोन रेंजर’ (१९४९ ते १९५७). मुखवटा आणि तलवारीने कोरलेले इंग्रजी ‘झेड’ असेल तर ‘झोरो’ (डिस्नेची मालिका, १९५७ ते १९५९). सुरुवातीला जळणारा नकाशा, बाप आणि तीन मुलगे असतील तर ‘बोनांझा’ (१९५९ ते १९७३). काळे कपडे आणि बुद्धिबळातल्या घोड्याचे चिन्ह असलेले कार्ड असेल तर ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’ (१९५७ ते १९६३). खडकाच्या सावलीने दाखवलेली सोन्याची वाट असेल, तर ती मालिका नसून ‘मॅकेनाज गोल्ड’ हा चित्रपट असणार.

• शेवटचा शब्द बाहेरच्या पुराव्याला द्या. त्या काळी वृत्तपत्रांत रोजचे टीव्ही कार्यक्रम छापून येत. मोठ्या ग्रंथालयांत जुने अंक बांधून ठेवलेले असतात. वर्ष ठरले असेल तर तिथे मालिकेचे नाव मिळू शकते. संगणकावरच्या संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारताना मात्र सावध राहा. ती कधी कधी नसलेली मालिकाही ठामपणे सांगते आणि आपला मेंदू आनंदाने ‘हीच ती!’ म्हणून टाकतो.

शोध लागला नाही तरी त्यातून काही मिळतेच. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१४ साली झालेल्या एका अभ्यासात, कुतूहल जागे असताना मेंदू हव्या त्या उत्तराबरोबर त्या वेळी समोर आलेल्या इतर गोष्टीही चांगल्या लक्षात ठेवतो, असे आढळले.

जिथे चूक परवडत नाही

मालिकेचे नाव चुकले तर कोणाचे बिघडत नाही. साक्षीत चूक झाली तर माणूस तुरुंगात जातो. अमेरिकेतील ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ या संस्थेने अभ्यासलेल्या, डीएनए तपासणीनंतर निर्दोष ठरलेल्यांच्या खटल्यांत सुमारे दोनतृतीयांश ठिकाणी साक्षीदारांनी चुकीची ओळख पटवली होती. त्यातले बहुसंख्य खोटे बोलत नव्हते. त्यांना तसेच ‘आठवत’ होते. ओळख परेडमध्ये साक्षीदारांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्यामागे हेच शहाणपण आहे.

दवाखान्यातही आपण स्मरणावर फार विसंबतो. कुठल्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठले होते, शस्त्रक्रिया कोणत्या वर्षी झाली, रक्तदाबाची गोळी पाच मिलिग्रॅमची की दहाची, याची उत्तरे आपण त्याच खात्रीने देतो, ज्या खात्रीने घोडा पांढरा होता म्हणतो. घरातल्या प्रत्येकाची ॲलर्जी, चालू औषधे, शस्त्रक्रिया आणि लसी यांची एक वही ठेवा. जुने कागद फाईलमध्ये लावा आणि त्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. डॉक्टरांसमोर आठवण नको, कागद हवा.

विसरणे आणि विसराळूपणाचा आजार

साठीनंतर जुने नाव आठवले नाही की अनेकांना धास्ती वाटते. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाने मांडला. त्यामुळे काळजी अनाठायी नाही, फक्त ती योग्य ठिकाणी करायला हवी.

चाळीस वर्षांपूर्वीची मालिका अर्धवट आठवणे हे आजाराचे लक्षण नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थिओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवले होते, की आजारात अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या बराच काळ टिकतात. म्हणून लक्ष द्यायचे ते आजकालच्या गोष्टींकडे. तासाभरात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, रोजच्या वाटेवर चुकणे, नेहमीचा पैशांचा व्यवहार न जमणे, रोजच्या स्वयंपाकाचा क्रम विसरणे, स्वभावात एकदम बदल होणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवा. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, अपुरी झोप आणि काही औषधे यांमुळेही विस्मरण होते. या कारणांवर उपचार होऊ शकतात, म्हणून तपासणी टाळू नका.

घरात स्मृतिभ्रंश झालेले आई-वडील किंवा आजी-आजोबा असतील, तर जुन्या मालिका, गाणी, छायाचित्रे यांच्या आधारे गप्पा मारण्याची एक उपचारपद्धती आहे. २०१८ च्या एका व्यापक आढाव्यात तिचे फायदे लहान आणि सगळीकडे सारखे नसलेले आढळले. त्यामुळे आजार बरा होत नाही, पण संवादाला मदत होऊ शकते. एकच पथ्य पाळावे, परीक्षा घेऊ नये. ‘सांगा बघू, त्याचे नाव काय होते?’ हा प्रश्न त्यांना कोड्यात टाकतो आणि खजील करतो. ‘तेव्हा टीव्ही बघायला कोण कोण जमायचे?’ या प्रश्नाला चुकीचे उत्तर नसते. बाबांच्या सांगण्यात लोन रेंजर आणि वेताळ एकाच घोड्यावर बसले, तर त्यांना तसेच बसू द्यावे. चूक सुधारण्यापेक्षा त्यांचे बोलणे सुरू राहणे महत्त्वाचे.

बाकीच्यांनी मात्र आज एक वही काढावी. पहिल्या पानावर घरातल्यांच्या ॲलर्जी आणि औषधे लिहावीत. शेवटच्या पानावर तो घोडेस्वार जसा आठवतो तसा, आजची तारीख टाकून, कोणालाही न विचारता लिहून ठेवावा.